मुखवट्याचे वतन

या अंकात चित्रकथांचा परामर्श घेण्याचे योजिले, तेव्हा प्रथम स्मरण झाले ते वेताळाचे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वृत्तपत्रांतून ज्यास अवतीर्ण केले आणि १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने ज्यास आपल्याकडील मुलांच्या हाती दिले, तो हा मुखवटाधारी पुरुष अमर आहे अशी अरण्यवासीयांची दृढ समजूत असली, तरी वस्तुस्थिती अशी की, १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्यास लागलेल्या एका तरुणाने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून जी शपथ घेतली, ती बापाकडून मुलाकडे वतनासारखी चालत आली, आणि आपण पाहतो तो एकविसावा वतनदार.

कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या समाध्या आहेत, तसेच प्रत्येकाने लिहून ठेवलेल्या रोजनाम्यांचे दप्तरही. अमरत्वाचा एवढा डोलारा अशा कारकुनी चिकाटीवर उभा असावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते. सतरावा वेताळ जायबंदी असता त्याची बहीण ज्यूली तोच वेष चढवून कामावर रुजू झाली. पण तिला अनुक्रमांक मिळाला नाही. वहिवाट कोणत्याही अरण्यातली असो, सनद स्त्रीच्या नावे निघत नाही!

आमच्या ममत्वाचे कारण थोडे खासगी आहे. ज्या 'आम्ही'च्या आडून हे लिहीत आहोत, तेही आम्हांस पूर्वीच्या संपादकांकडून खुर्चीबरोबरच मिळाले. आणि वाचकांपैकी काहीजण अद्याप त्यांच्याच नावे पत्रे धाडतात.