पैशाला मार्का असतो



कापूरहोळच्या आपल्या पोरांचं पत्र आलंय. हायवेच्या पट्ट्यातली एक कंपनी वस्तीला पाण्याची टाकी बांधून देते म्हणतेय, वर मंडळाला वर्षाला काही रक्कम. अटी दोन. टाकीवर कंपनीचं नाव, आणि ओढ्यात सुटणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल मंडळानं तोंड उघडायचं नाही. पोरं विचारतात, घ्यायचं का? एकानं खाली लिहिलंय, तहानलेल्याला तत्त्वज्ञान पाजू नका. बरोबर आहे त्याचं. म्हणून उत्तर हिशेबानं देतो.

कापूरहोळहून भोरकडे वळलं की भाटघर धरण. १९२८ साली पुरं झालं. त्याचं पाणी नीरेतून आणि कालव्यांतून बारामती-इंदापूरच्या, फलटण-माळशिरसच्या उसाला जातं. त्याला कुणी अनुदान म्हणत नाही, विकास म्हणतात. सरकारी तिजोरीतल्या धरणाचं पाणी बागायतदाराला मिळालं तर तो हक्क. धरणाच्या उशाला राहणाऱ्या आपल्या वस्तीला एक टाकी मिळाली तर उपकार. हा शब्दांचा खेळ नाही, जातीचा कावा आहे.

मार्च १९२७. महाडला चवदार तळं भरलेलं होतं आणि परिषदेसाठी स्पृश्यांकडून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. बाबासाहेब टाकीसाठी अर्ज घेऊन कुणाच्या दारात गेले नाहीत. माणसं घेऊन तळ्यावर गेले. अमेरिकेत १९८२ साली वॉरेन काउंटीत काळ्यांच्या वस्तीच्या उरावर विषारी माती टाकायला आलेल्या ट्रकांपुढे माणसं आडवी झाली, पाचशेवर लोक पकडले गेले. तिथून पर्यावरणीय न्यायाची चळवळ मोजतात. आपण ती चवदार तळ्यापासून मोजू.

त्या काळ्या बांधवांच्या अनुभवातून आणखी एक शिकण्यासारखं आहे. २०२२ च्या कायद्यानं अशा वस्त्यांमधल्या कामाला ३ अब्ज डॉलर ठेवले. २०२५ मध्ये खुर्चीवर माणूस बदलला आणि अनुदानं धडाधड रद्द झाली. पैसा जनतेचाच होता, पण चावी दुसऱ्याच्या कमरेला.

आपल्याकडे चावी कुणाच्या कमरेला? परदेशी पैशाचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. नवा २०१० चा. त्याच्या २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो वारंवार करणाऱ्या संघटनेला राजकीय ठरवून पैसा रोखायची सोय होती. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या नियमाला वेसण घातली. लगेच सप्टेंबरात संसदेनं कायदा बदलला. आता एका संस्थेला आलेला परदेशी पैसा तिला दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे दिल्ली-पुण्याच्या गारेगार ऑफिसातून वस्तीच्या मंडळापर्यंत येणारी नळीच कापली. स्वतः मागायचं तर तीन वर्षांत १५ लाख खर्च केल्याचं दाखवा. ज्याच्याकडे १५ लाख आहेत त्यालाच भीक मागायचा परवाना!

राहिला कंपन्यांचा पैसा. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजावर खर्चायचे. झाडं लावतात, टाक्या बांधतात, फोटो काढतात. नफा कुणाच्या घामातून आणि कुठल्या ओढ्यातून निघाला, हे विचारायला त्यातला छदाम मिळत नाही.

आणि आपला हक्काचा पैसा? लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी ठेवायचा तो. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले. बहिणींशी आपलं भांडण नाही, आपल्या आयाही त्यात आहेत. भांडण आहे ते एका गरिबाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढणाऱ्याशी.

मदत घेऊच नये असं मी म्हणत नाही. १९२० साली ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. काय छापायचं ते बाबासाहेबांनी ठरवलं. गोदीत आम्ही माल उचलतो. प्रत्येक नगावर मार्का असतो, अक्षरशत्रू गडीही तो ओळखतो. पैशालाही मार्का असतो. तो वाचा, मग पाठीवर घ्या. शाहूंच्या पैशानं मुक्याला तोंड दिलं. हा कंपनीचा पैसा आहे त्या तोंडाला कुलूप लावतोय.

तेव्हा पोरांनो, टाकी हवीच, पण ग्रामपंचायतीकडून. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे असतात. गेल्या पाच वर्षांचा हिशेब ग्रामसभेत मागा, लेखी मागा. वस्ती विकासाचा निधी कुठं मुरला ते विचारा. ओढ्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे टाका. १९७४ च्या पाणी कायद्यानं नमुना घ्यायचा अधिकार त्यांना आहे, पोच आपल्या हातात ठेवा. नाही ऐकलं तर भोरच्या तहसीलवर मोर्चा. टेम्पोचं भाडं आपल्या वर्गणीतून निघेल. गोदीतल्या आमच्या टोळीनं पगाराला माणशी पन्नास रुपये काढलेत, ते पाठवतोय. पावती फाडा, हिशेब पुढच्या अंकात छापू.

कंपनीला कळवा, काळं पाणी आधी बंद करा. टाकीचं आमचं आम्ही बघतो.

जय भीम!