ड्रिल मशीन चालतं, मग हीट गन का नको?

आमच्या घरात जिन्याखालच्या कपाटात एक ड्रिल मशीन आहे. सात वर्षांपूर्वी घेतलेलं. वर्षातून दोनदा बाहेर निघतं, एकदा गणपतीच्या मखराच्या वेळी आणि एकदा दिवाळीत. ते घेताना घरात काही चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आमचे हे बाजारात गेले, येताना घेऊन आले आणि म्हणाले, "घरात असलेलं बरं." खरंच आहे ते, असलेलं बरंच असतं.

मी मात्र बाराशे रुपयांचं एक चिमुकलं यंत्र घ्यायला तीन वर्षं लावली. त्याचं नाव हीट गन. नाव बंदुकीचं असलं तरी काम साधं आहे, गरम हवा फेकायचं. शुभेच्छापत्रांवर, शगुनाच्या पाकिटांवर उठावाची चकचकीत अक्षरं काढायला ते लागतं. त्या तीन वर्षांत मी त्याच्याशिवाय कसं भागवलं आणि त्याची काय किंमत मोजली, ते आज सांगायचं आहे. कारण माझ्या क्लासला येणाऱ्या दहा जणींपैकी आठ जणी आज तेच करताहेत.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही लग्नपत्रिकांवर वधूवरांची नावं बोटाला लागतील इतकी फुगीर असतात ना? ओल्या शाईवर राळेसारख्या पदार्थाची बारीक पूड टाकून ती उष्णतेनं वितळवायची, हा त्यातला एक प्रकार. घरी आपण तेच छोट्या प्रमाणावर करतो. हळू वाळणाऱ्या शाईत ठसा बुडवून कागदावर उमटवायचा, शाई ओली असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकायची, जास्तीची झटकून पुन्हा डबीत भरायची आणि मग गरम हवा द्यायची. रवाळ दिसणारी पूड बघता बघता वितळते आणि सोन्याच्या पत्र्यासारखी चमकते. शंभर वेळा केलं तरी तो क्षण पाहताना मला अजून बरं वाटतं.

आता ती उष्णता आणायची कुठून, हा प्रश्न. मी आधी हेअर ड्रायर लावून पाहिला. त्याची हवा जोरात येते पण पुरेशी तापत नाही. पूड वितळायच्या आधीच उडून ओट्यावर पसरली. मग इस्त्री उलटी धरून तिच्यावर कार्ड फिरवलं. एका कोपऱ्यात वितळायचं, दुसऱ्या कोपऱ्यात नाही. मग तवा. आणि शेवटी गॅसची ज्योत.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. मुंजीच्या चाळीस पाकिटांची ऑर्डर होती, सकाळी नऊला द्यायची होती. रात्री साडेअकराला मी गॅसवर एकेक पाकीट धरत उभी होते. अंगात नायलॉनची ओढणी. एका पाकिटाचा कोपरा पेटला म्हणून मी हात झटकन मागे घेतला आणि ओढणीचं टोक ज्योतीवर गेलं. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणून निभावलं. त्यांनी हातातला तांब्या तसाच माझ्यावर रिकामा केला. उजव्या मनगटावर दोन इंचांचा डाग राहिला, तो आजही आहे.

सकाळी हे म्हणाले, "अगं, मग सांगायचं ना! आणलं असतं."

हे वाक्य मला डागापेक्षा जास्त लागलं. कारण ते खरं होतं. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. मुलाची फी, सासूबाईंच्या गोळ्या, गाडीचा हप्ता या सगळ्यांच्या मागे माझं यंत्र मीच उभं केलं होतं आणि वर स्वतःला समजावत होते, 'आपलं काय, छंदच तर आहे.' पण त्या छंदातून मी वर्षभर मुलाच्या शिकवणीचे पैसे भरत होते! यांच्या ड्रिल मशीननं आजवर एक रुपया मिळवलेला नाही, तरी ते अवजार. माझं मात्र खूळ. आणि हे नाव मीच दिलेलं.

आणलं, पण कुणासाठी?

पुढची गंमत ऐका. दुसऱ्याच दिवशी हे हार्डवेअरच्या दुकानातून हीट गन घेऊन आले. भली मोठी, १८०० वॅटची. भिंतीचा, ग्रिलचा जुना रंग खरवडण्याआधी तो मऊ करायला रंगारी वापरतात ती. अशा गनचं तापमान पाच-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. कागद सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास करपायला, पेटायला लागतो. पहिलं कार्ड पापडासारखं भाजून निघालं. शिवाय मी ती साध्या बोर्डवर लावली होती. हिशेब करा, १८०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळजवळ आठ अँपिअर. आपल्या घरातले दिव्या-पंख्याचे साधे प्लग पाच-सहा अँपिअरचे असतात. दहा मिनिटांत बोर्डातून जळका वास आला. अशा मशीनला मिक्सरचा नाही, गिझरचा मोठा प्लग लागतो, हे मला तेव्हा कळलं.

त्याच सुमारास नणंदबाई अमेरिकेहून आल्या. "वहिनी, तुझ्यासाठी खास आणलंय," म्हणत त्यांनी छोटी, सुबक क्राफ्टची गन काढली. मी आनंदानं प्लगमध्ये घातली. क्षणभर लालबुंद झाली, धूर निघाला आणि संपलं. तिकडे घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. जवळजवळ दुप्पट दाब आला की तापणाऱ्या तारेतली शक्ती साडेतीन पटींच्या वर जाते. बिचारी टिकणार कशी? दोष गनचा नव्हता, नणंदेचाही नव्हता. प्लगमध्ये घालण्याआधी लेबल वाचायचं मला सुचलं नाही.

दोघांनीही प्रेमानंच आणलं. पण वापरणार कोण, कशावर, कुठल्या प्लगवर, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा ठरवलं, ज्या हातानं वापरायचं त्याच हातानं निवडायचं. तिसरी गन मी स्वतः घेतली. ती आजही चालू आहे.

घेताना काय बघायचं?

आधी स्वतःला विचारा, आपल्याला गन लागते का? साचा आणि बोथट टोकाच्या काडीनं कागद दाबून उठाव काढतात, त्या कोरड्या एम्बॉसिंगला गरम हवा लागतच नाही. पावडरचं काम महिन्यातून दोन-चार कार्डांपुरतंच असेल तर मैत्रिणीची मागून आणा, किंवा बचत गटातल्या तिघी-चौघींनी मिळून एक घ्या.

घ्यायचीच असेल तर लेबलवरचे दोन आकडे वाचा. व्होल्ट २२० ते २४० असायला हवेत. वॅट साधारण ३०० असले की कार्डाच्या कामाला भरपूर झालं. ती सव्वा अँपिअरच्या आसपास वीज ओढते, साध्या प्लगवर चालते. तिची हवा तापलेली पण हळू असते आणि आपल्याला नेमकं तेच हवं. मोठ्या गनच्या मोहात पडू नका. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगलं, हा नियम इथे उलटा आहे. भेटीच्या टोपल्यांवर आवळून बसणारं प्लास्टिक लावण्यासारखी कामंही करायची असतील आणि मोठीच घ्यायची असेल, तर तापमान आणि हवेचा वेग कमी करता येतो अशी घ्या, मोठ्या प्लगवर लावा आणि कागदापासून वीतभर लांब धरा.

दुकानात चालू करून दाखवायला सांगा. हातात धरून बघा, दहा मिनिटं धरवेल का? वायर पुरेशी लांब आहे का? गरम तोंड टेबलाला न टेकता ती खाली ठेवता येते का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण काम झाल्यावरही तोंड बराच वेळ चटका देण्याइतकं गरम राहतं.

वापरताना

पंखा बंद ठेवा, नाहीतर सगळी पावडर शेजारणीकडे जाईल. खिडकी मात्र उघडी असू द्या, कारण जास्त तापलेल्या पावडरचा वास नाकाला बरा नव्हे. कागद जाड घ्या, दोनशे जीएसएमच्या पुढचा. पातळ कागद तापला की गुंडाळी होते. पावसाळ्यात कागद आणि बोटं दोन्ही दमट असतात, आणि हाताला क्रीम लावलं असेल तर त्या बोटांच्या ठशावरही पावडर चिकटते. म्हणून ठसा मारायच्या आधी टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कागदावरून हलकेच फिरवायची. इकडे तिकडे चिकटलेले कण कोरड्या ब्रशनं टिपायचे. एकदा वितळले की निघत नाहीत.

गन आधी कागदापासून लांब, पंधरा-वीस सेकंद तापू द्या. मग दोन-तीन इंचांवरून, तिरकी धरून फिरवत राहा. चमक आली की लगेच पुढे सरका. "अजून थोडं" म्हणालात की पावडर सपाट होऊन कागदात मुरते आणि तेलाच्या डागासारखी दिसते. कार्ड बोटांनी धरू नका, कपड्याचा लाकडी चिमटा चालतो. खाली फरशीचा उरलेला तुकडा ठेवा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. मुलं झोपल्यावर हे काम करायचा मोह होतो, मलाही होतो. पण डोळ्यांवर झोप असताना नकोच. मी ते करून पाहिलंय.

कागदाबद्दल आणखी एक. हातकागदावर सोनेरी उठाव जितका शोभतो तितका गुळगुळीत चकचकीत कार्डावर नाही, असं माझं मत. आणि आपल्याकडे हातकागदाची परंपरा काही लहान नाही. जुन्नर आणि दौलताबादचा कागद एके काळी नावाजलेला होता. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा, फार खडबडीत कागदावर ठसा तुटक येतो. आधी एका तुकड्यावर करून बघा.

हिशेबाची वही

आता पैशांचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच असते. एका कार्डाला गन दोन मिनिटं चालते. वीस कार्डांना चाळीस मिनिटं. ३०० वॅटची गन चाळीस मिनिटांत ०.२ युनिट वीज खाते. बिल वाढेल ही भीती मनातून काढून टाका. माझी गन बाराशेची. पूर्वी गॅसवर दहातली तीन पाकिटं करपायची, ती मी मुकाट्यानं फेकून द्यायचे आणि त्यांचा कागद, पावडर कुठेच लिहीत नव्हते. आता शंभरात एखादं बिघडतं. पाकिटामागे माल बारा रुपयांचा धरला, तर दर शंभर पाकिटांमागे साडेतीनशे रुपये वाचतात. चारशे पाकिटं झाली तेव्हा गन फिटली होती. हे गणित मी तीन वर्षं आधी मांडलं असतं तर? पण तेव्हा माझ्याकडे वहीच नव्हती. घरखर्चाची होती, दुधाची होती, माझ्या कामाची नव्हती.

क्लासमध्ये मी आता पहिल्या दिवशी ठसा शिकवत नाही. वही काढायला लावते. त्यात साहित्य लिहायचं, वेळ लिहायचा आणि अवजारासाठी प्रत्येक कार्डामागे दोन-तीन रुपये बाजूला काढायचे. परवा एक जण म्हणाली, "ताई, घरी विचारते आणि मग घेते." मी म्हटलं, "जरूर विचार. घर सगळ्यांचं असतं. पण वही हातात घेऊन विचार. आणि आणायला तू स्वतः जा."

एक मात्र मान्य करते. गन आली म्हणून कार्ड सुंदर होत नाही. वेडावाकडा ठसा सोनेरी झाला तरी वेडावाकडाच राहतो. अवजारानं काम सोपं होतं, सुरक्षित होतं, कला येत नाही. तरीसुद्धा चांगलं काम करणाऱ्या बाईनं अवजाराशिवाय, जीव धोक्यात घालून ते करावं, यात मला आता कसलंच कौतुक वाटत नाही. 'किती भागवून घेते हो!' ही शाबासकी आपण फार वर्षं मिरवली.

ती १८०० वॅटची गन आता जिन्याखाली ड्रिल मशीनशेजारी आहे. गेल्या दिवाळीआधी यांनी तिच्यानं खिडक्यांच्या ग्रिलचा जुना रंग काढला, छान निघाला. माझी छोटी गन माझ्या टेबलावर असते. परवा सासूबाईंनी नातीच्या बारशाची पाकिटं करायला घेतली. गन हातात घेण्याआधी त्यांनी न सांगता पदर खोचला आणि पाण्याचा तांब्या जवळ आणून ठेवला.