२००२ : दोन अल्बम, एक पसंती

बँकेचा ताळेबंद ३१ मार्चला पूर्ण होतो; रसिकाचा मात्र वर्षानुवर्षे खुला राहतो. २००२ सालचे माझ्या आवडीचे दोन अल्बम याची साक्ष देतात. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘द रायझिंग’ने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात आप्तजन गमावलेल्यांच्या शोकाला रॉक संगीतातून वाचा दिली. कंट्री संगीताचे ज्येष्ठ गायक जॉनी कॅश यांनी वयाच्या सत्तरीत ‘अमेरिकन ४’मध्ये ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक बँडचे ‘हर्ट’ थकलेल्या, कापऱ्या स्वरात गायिले; तरुणाच्या वेदनेला वार्धक्याचा अर्थ लाभला. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. स्प्रिंगस्टीन धीर देतात. कॅश दुःखापाशी केवळ बसून राहतात. म्हणूनच, माझ्या मते, पहिला मान कॅश यांचा.