नक्कल कुणाची आणि कारागिरी कुणाची?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त म्हणजे गेल्या रविवारी आमच्या भाच्याशी झालेला वाद. (तो हा ब्लॉग वाचतो, तेव्हा पाठीमागे बोललो असं कुणी म्हणू नये!)

त्याने नवं स्विस घड्याळ घेतलंय. किंमत मी दोनदा विचारली, कारण पहिल्यांदा ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मागे काच आहे, आतलं मशीन दिसतं. ते दाखवून म्हणाला, "मामा, याला म्हणतात कारागिरी. तुमचं एचएमटी म्हणजे शेवटी जपानची नक्कल."

माझ्या मनगटावर १९७४ साली पगारातून घेतलेलं 'जनता' होतं. तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

एचएमटीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला तो १९६१ साली, जपानच्या सिटिझन कंपनीशी रीतसर सहकार्य करून. 'जनता'च्या डायलवर 'पॅराशॉक' छापलेलं असतं, तोही सिटिझनचाच शब्द. लपवलंय कुठे? भाच्याच्या घड्याळात ईटीए २८२४ हे मशीन आहे. पण स्वित्झर्लंडमधलीच सेलिटा नावाची कंपनी जवळजवळ तेच मशीन एसडब्ल्यू २०० म्हणून बनवते. ती नक्कल नव्हे, ती परंपरा! आणि चाकाचा एकेक दात मोजून सोडणारी, टिकटिक करणारी ती लिव्हरची युक्ती मुळात काढली थॉमस मज या इंग्रजाने, अठराव्या शतकात. मग आपण सगळेच नकलाकार.

भाच्याचं मशीन सरस आहे, हे मान्य. त्याचे सेकंदाला आठ ठोके, माझ्या घड्याळाचे पाच. ठोके जास्त असले की धक्क्याने चाल कमी बिघडते. शिवाय त्याला चावी द्यावी लागत नाही. माझं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे शंभरात ९९.९७ गुण झाले. इतके गुण मी अख्ख्या नोकरीत कुणाला दिले नाहीत.

माझा आक्षेप 'कारागिरी' या शब्दाला आहे. काचेतून दिसणाऱ्या त्या नक्षीदार रेघा या किमतीच्या घड्याळात यंत्रानेच मारलेल्या असतात. हाताने कडा घासून चमकवणारे कारागीर तिकडे आहेत, जरूर आहेत, पण ती घड्याळं आपल्या सात पिढ्यांच्या आवाक्यातली नव्हेत.

दोन वर्षांपूर्वी माझं घड्याळ बंद पडलं. एका झगमगीत दुकानात नेलं. तिथला मुलगा म्हणाला, "काका, आतलं मशीन काढून सेलवालं टाकून देतो. कुणाला कळणारपण नाही." अरे, मला कळेल ना!

मग जुन्या बाजारातला घड्याळजी गाठला. डोळ्याला भिंग लावून त्याने मशीन सुटं केलं, वाळलेलं तेल धुतलं. हेअर स्प्रिंगचा एक वेढा दुसऱ्याला चिकटत होता, तो चिमट्याने सोडवला. केसाएवढी ती तार सरळ करताना त्याने श्वास रोखला होता, आणि स्टुलावर बसून मीही! बॅलन्स फिरायला लागला तेव्हा कुठे आम्ही दोघं बोललो. तीनशे रुपये घेतले.

त्याच्याकडे नवे भाग नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता तो भंगारातल्या घड्याळांतून भाग काढतो. त्या भंगारावरही टपलेले आहेत. चार घड्याळांचे अवयव जोडायचे, डायलला भडक रंग द्यायचा आणि 'जुनं दुर्मीळ जनता' म्हणून ऑनलाइन विकायचं. घड्याळजीचा मुलगा शेजारच्याच गाळ्यात मोबाईल दुरुस्त करतो. त्याला दोष कसा देणार? तीनशे रुपयांत घर चालत नाही. पण लाखभर रुपयांचं घड्याळ घेऊन कारागिरीवर प्रवचन देणाऱ्यांपैकी कितीजण त्या स्टुलावर बसलेत?

तर भाचेबुवा, पुढच्या वेळी याल तेव्हा ते घड्याळ घालून या. आपण दोघं तिकडे जाऊ. सोमवारी नको, सोमवारी तो बंद असतो.