विमानातली तार आणि घरातली काळजी

गेल्या आठवड्यात आमच्या चाळीतल्या एक ताई हातात कागद घेऊन आल्या. मुलगी यंदा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली. विमानाच्या कारखान्यात विद्युत व एव्हियॉनिक्स विभागात एक वर्षासाठी अ‍ॅप्रेंटिस म्हणून तिची निवड झाली आहे. ताईंचा चेहरा मात्र उतरलेला. म्हणाल्या, "भाऊ, कर्ज काढून चार वर्षं शिकवली. आता पुन्हा शिकाऊच? हिचे वडील रिक्षा चालवतात. शेजारी म्हणतात, दुकानात लागली तरी याहून जास्त आणील."

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भाच्याला आम्हीच अशी शिकाऊ जागा सोडायला लावून मिळेल त्या नोकरीला लावले होते. ती नोकरी दोन वर्षांत गेली, आणि हातात कसब काही आले नाही. तो आम्हाला दोष देत नाही. आम्हाला मात्र ते सलते. म्हणून या वेळी मुलीलाच बोलावून घेतले.

एव्हियॉनिक्स म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. वैमानिकाचा रेडिओ, दिशा दाखवणारी साधने, उड्डाणाची उपकरणे हे सारे त्यात येते. आपल्या घरात २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज असते; मोठ्या प्रवासी विमानात बहुधा ११५ व्होल्टची, ४०० हर्ट्झची. हर्ट्झ वाढले की ट्रान्सफॉर्मर व मोटारी लहान आणि हलक्या करता येतात.

पण शिकाऊ मुलांची सुरुवात साध्या कामांनी होते. तार नीट सोलणे, टोकाला टर्मिनल दाबून बसवणे, मीटरने जोडणी तपासणे, हत्यारे मोजून घेणे आणि मोजून परत ठेवणे. इंजिनिअरला हे क्षुल्लक वाटेल. तसे ते नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ माणसे गेली. विमानाच्या छताआड तारेतून ठिणगी उडून आग पसरली, असे तपासात आढळले. एका तारेवर एवढे जीव अवलंबून असतात. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि जाणत्या कारागिराच्या नजरेखाली हाताने शिकणे वेगळे.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवी आणि अ‍ॅप्रेंटिसशिप एकत्र करण्याची सोय आहे. तेथे मुलाला कामाचा पगार मिळतो आणि कॉलेजची फी त्याला भरावी लागत नाही. आपल्याकडे बहुधा पदवी आधी आणि हातकाम नंतर. म्हणून हे वर्ष वाया गेले असे समजू नये.

मात्र डोळे उघडे ठेवूनच जावे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली होणारा करार नोंदवलेला आहे की नाही, हे पाहावे. विद्यावेतन, मुदत आणि कामाचे तास वाचूनच सही करावी. वर्षाअखेर प्रमाणपत्र मिळते, पण नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. तसेच हे प्रमाणपत्र म्हणजे विमान दुरुस्तीचा परवाना नव्हे. नागरी विमानाचे एव्हियॉनिक्सचे काम प्रमाणित करायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा बी-२ परवाना लागतो. त्याच्या परीक्षा वेगळ्या.

या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. १९९० पासून केंद्राच्या यादीत बौद्धांचाही समावेश आहे. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. शेवटच्या दिवशी तहसील कार्यालयात धावपळ नको.

राहिला कर्जाचा प्रश्न. शैक्षणिक कर्जात शिक्षण संपल्यावर हप्ता सुरू होण्यापूर्वी पुष्कळदा एक वर्षाची मुदत असते. व्याज चालूच राहते, हे खरे. ताईंना आम्ही म्हटले, "बँकेत जाऊन आपली मुदत विचारा. ती असेल, तर हेच वर्ष पोरीला द्या."

मुलगी इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "काका, दुकानातली नोकरी पुढल्या वर्षीही मिळेल. ही जागा मिळणार नाही."

ताई थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग उठता उठता त्यांनी विचारले, "पहिल्या पाळीला डबा किती वाजता लागेल गं?"