घरात एक कोपरा आमचा हवा

मित्रांनो, कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुले, मातीचे बैल करतो. पण घरी काही करायला बसलो की मोठी माणसे म्हणतात, "पसारा काढू नको." मागच्या सुट्टीत मी ज्वारीच्या धाटाची बैलगाडी केली. भेंडे कापून चोयांनी जोडली. दोन दिवस लागले. ठेवायला जागा नव्हती, म्हणून न्हाणीच्या चुलीपाशी ठेवली. सकाळी आजीने सरपण समजून ती पाणी तापवायला जाळली. मी लई रडलो. आजीलाही वाईट वाटले. पण चूक तिची नव्हती. गाडीला जागाच नव्हती.

म्हणून माझे मत असे, की प्रत्येक घरात मुलांचा एक कोपरा असावा. त्याला पैसे लागत नाहीत. अंथरायला पोते, एक खोके, रद्दी, चिंध्या, रिकाम्या काड्यापेट्या आणि गव्हाच्या पिठाची खळ, एवढे बास. कात्री मोठ्यांना विचारून घ्यावी. केर मात्र आपणच काढावा, नाहीतर कोपरा जाईल.

गुरुजी सांगतात, गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताने काम करत शिकण्याचा विचार मांडला. मग हा पसारा नव्हे, अभ्यासच आहे. पालकांनो, आज घरी गेल्यावर एक कोपरा द्याल ना?

इयत्ता चौथी