शांतरसाचे घर आणि मिटलेली ताटी

‘शांत राहा’ हा अलीकडे सर्वांत स्वस्त झालेला सल्ला आहे. परीक्षेच्या धास्तीने खचलेल्या विद्यार्थ्याला तो दिला जातो. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या, सेट-नेट उत्तीर्ण असूनही सुट्टीच्या महिन्यांत हाती काही न पडणाऱ्या प्राध्यापकालाही तो दिला जातो. आजारपण आणि कर्ज यांनी एकाच वेळी गाठलेल्या कुटुंबप्रमुखाचीही त्यातून सुटका नाही. या सल्ल्यात देणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही, आणि घेणाऱ्याच्या ओझ्यात मात्र एक भर पडते. मुळात दुःख आहेच, वर आपल्याला शांतही राहता येत नाही याची खंत!

हा प्रश्न केवळ वैयक्तिक स्वभावाचा राहिलेला नाही. उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले, यावरून तो कोठवर येऊन ठेपला आहे ते कळते. ज्याचे मन आजारी आहे त्याला डॉक्टरांची आणि समुपदेशकांची गरज असते, तेथे साहित्याने वैद्याचा आव आणू नये. तथापि ‘शांत’ या शब्दाचा अर्थ काय, हा वाद आमच्याच शास्त्रात हजार वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे. तो आम्ही नऊ रसांच्या यादीतला शेवटचा शब्द म्हणून पाठ करून घेतो आणि पुढे जातो, हे आम्हांला खटकते.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील मूळ गणनेत रस आठच आहेत. शांत हा नववा रस मागाहून आला आणि तोही सुखासुखी आला नाही. दहाव्या शतकातील ‘दशरूपक’कार धनंजयाने नाट्यात त्याला थारा नाकारला. आक्षेप साधा आणि बिनतोड वाटावा असा होता. शांत म्हणजे सर्व व्यापारांचे थांबणे, मग थांबलेले माणूस रंगभूमीवर दाखवायचे तरी कसे? अभिनवगुप्तांनी दिलेले उत्तर आजही विचार करण्यासारखे आहे. कोणत्याही रसाची परमावधी रंगभूमीवर दाखवली जात नाही, शृंगाराचीही नाही. दाखवली जाते ती तिकडे जाण्याची धडपड, आणि शांताच्या वाटेवरही अशी धडपड असतेच. त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. रती, क्रोध, शोक, भय हे सारे भाव ज्या भूमीवरून उठतात आणि जिच्यात विरतात, ती भूमी म्हणजे शांत. या दृष्टीने पाहिले तर शांत हा भावनांचा अभाव ठरत नाही. सगळ्या भावना मावतील एवढी जागा, असा त्याचा अर्थ होतो.

या अर्थाची सर्वांत कठोर कसोटी म्हणजे महाभारत. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त महाभारताचा प्रधान रस शांत असल्याचे प्रतिपादन केले. अठरा दिवसांच्या संहाराचा ग्रंथ आणि रस शांत! पण त्यांचा आधार ग्रंथाच्या शेवटात आहे. यादवांचा नाश आणि पांडवांचा उदास अंत यांपाशी ग्रंथ वाचकाला नेऊन सोडतो, आणि तेथे विजयाची चव उरत नाही. म्हणजे हा शांतरस युद्ध टाळून आलेला नाही, सगळे पाहून झाल्यावर तो येतो. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनाही महाभारतात भावले ते हेच निर्भय पाहणे. पुढच्या काळातील भक्तीच्या आधाराने ही कठोरता मावळली, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप बाजूला सारता येण्याजोगा नाही. भक्तीच्या नावाखाली आलेली शांती पुष्कळदा डोळे मिटण्याची सोय ठरली आहे.

परंतु मराठीच्या आरंभीच या आक्षेपाला एक उत्तर मिळते, आणि ते एकाच घरातून मिळते. ‘ज्ञानेश्वरी’च्या (1290) अकराव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव शांताला यजमान करतात. त्याच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून येतो आणि त्याच्या निमित्ताने इतर रसांनाही पंगतीचा मान मिळतो. आम्हांला हे रूपक केवळ गोड वाटत नाही, ते एक सिद्धांत वाटते. शांत हा घरमालक आहे आणि त्याचे दार उघडे आहे. भय आले तरी त्याला पाट मांडायचा, शोक आला तरी त्याला पंगतीतून उठवायचे नाही.

याच ज्ञानदेवांविषयी परंपरा दुसरी गोष्टही सांगते. संन्याशाची मुले म्हणून वाट्याला आलेला बहिष्कार, आईवडिलांचे हरपलेले छत्र आणि लोकांची कुत्सित वागणूक यांनी उद्विग्न होऊन त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली. तेव्हा धाकट्या बहिणीने, मुक्ताबाईने, दाराबाहेर उभे राहून ती उघडण्याची विनवणी केली. तेच ‘ताटीचे अभंग’. शांतरसाचे घर रेखाटणाऱ्यालाही एखाद्या दिवशी दार लावावेसे वाटते, हे परंपरेने लपवले नाही, ही आम्हांला तिची थोरवी वाटते. मुक्ताबाई भावाला ‘शांत राहा’ एवढेच सांगून निघून जात नाही. ती दाराशी थांबते. एकदा सांगून भागत नाही म्हणून पुन्हापुन्हा सांगते, त्याला त्याच्या कामाची आठवण देते, आणि तो जगाशी जोडलेला आहे हे विसरू देत नाही. आतल्या माणसाला शांती मिळते ती दार लावल्याने नव्हे, बाहेर कोणीतरी थांबल्याने. सल्ला आणि सोबत यांत हाच फरक आहे.

‘ओवी’ हा शब्दही येथे ध्यानात घ्यावा. ज्या छंदात शांतरसाचा हा ग्रंथ रचला गेला त्याचे नाव आणि पहाटे जात्यावर बसलेल्या बाईच्या गाण्याचे नाव एकच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पातून ग्रामीण महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्यांत माहेर आहे, सासुरवास आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, मूल गेल्याचे दुःखही आहे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने घास घालायचा आणि तोंडाने मनातले बोलायचे. घास जास्त पडला तर जाते जड होते, कमी पडला तर दगडावर दगड घासतो. समतोल म्हणजे काय, याचे याहून नेमके प्रात्यक्षिक आम्हांला ठाऊक नाही. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते आणि ऐन उमेदीत वैधव्य आले. त्यांची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून 1952 मध्ये पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. या बायकांना स्वास्थ्य लाभले असेल तर ते काम थांबवून लाभले नाही, आणि तोंड मिटूनही लाभले नाही.

तरी येथे सावध राहायला हवे. जात्याचे कौतुक करताना त्या बाईला पहाटे उठून दळावे का लागत होते, हा प्रश्न विसरला तर आपण रसिक ठरू, पण न्यायी ठरणार नाही. त्याचप्रमाणे तासिका तत्त्वावरील शिक्षकाला समत्वाचे धडे देणे म्हणजे त्याच्या मानधनाचा प्रश्न त्याच्या मनावर ढकलणे होय. जी शांती प्रश्न विचारू देत नाही ती शांती नव्हे, ती गप्प बसवण्याची रीत आहे. ओवीतली बाई निदान तक्रार तरी स्वच्छ शब्दांत करते. तिचा समतोल तिच्या तक्रारीसकट आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, वर्गात शांतरस शिकवताना त्याची व्याख्या फळ्यावर लिहून थांबू नये. धनंजयाचा आक्षेप विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, महाभारताचा शेवट वाचावा, ताटीचे अभंग मोठ्याने म्हणावेत आणि जात्यावरच्या ओव्या त्यांच्या शेजारी ठेवाव्यात. त्या वर्गात कोणीतरी आपली ताटी लावून बसलेले असण्याचा संभव पुष्कळ असतो. त्याला रसाची व्याख्या कदाचित आठवणार नाही. पण त्याचे भय आणि त्याचा शोक यांना या घरात जागा आहे, हे कळले तर ते त्याच्या उपयोगी पडेल. तास संपल्यावर दोन मिनिटे दाराशी थांबणे मात्र अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. ते शिक्षकाने आपणहून करायचे असते.